काडतुसाचा आकार कोणाचा, नाव कोणाचं?

जुन्या काडतुसाच्या केसचा खांदा जरा उभा केला, मान बारीक केली, लांबी दोन मिलिमीटरने कमी केली आणि तयार झालेल्या नव्या काडतुसाला एक झोकदार नाव दिलं, तर त्यावर आपला हक्क सांगता येतो का? पेटंट आणि ट्रेडमार्कच्या कामात हा प्रश्न मला पुण्यात विचारला जातो, आणि विचारणारी माणसं हौशी नसतात. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये मायक्रॉनचं काम रोज करणारे टूलमेकर असतात, बालेवाडीच्या रेंजवर वर्षानुवर्षं घालवलेले नेमबाज असतात. हे शहरच तसं आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय इथेच आहे. पाषाणला शस्त्रांवर संशोधन करणारी एआरडीई आणि स्फोटकांवर काम करणारी एचईएमआरएल या डीआरडीओच्या दोन प्रयोगशाळा आहेत.

उत्तर आधीच सांगून टाकतो. आकारावर हक्क मिळणं जवळजवळ अशक्य आहे. नावावर मिळतो, पण तो फार आवळून धरला तर काडतूसच मरतं. आणि खरी कमाई ज्यात आहे, ती कृती कुठल्याही सरकारी नोंदवहीत नसते.

हे नीट कळायला काडतूस उघडून बघावं लागेल. पितळेची केस, तिच्या बुडात बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी, असे त्याचे चार भाग. रायफलच्या केसला खाली जाड धड, मग उतरता खांदा आणि वर गोळी धरणारी मान असते. हे काडतूस जिथे बसतं ते चेंबर नळीच्या मागच्या टोकाला रीमरने, म्हणजे त्याच आकाराच्या कापणाऱ्या हत्याराने, कोरलेलं असतं. दोघांची मापं नीट जुळावी लागतात, खांद्याच्या जागेतला फरक फार वाढला तर केस फाटू शकते. म्हणून प्रत्येक काडतुसाचं एक ड्रॉइंग असतं, त्यावर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या मर्यादा, असतात, आणि तेच ड्रॉइंग रायफल बनवणारा, काडतूस बनवणारा, रीमर आणि माप तपासायचं गेज बनवणारा असे सगळे पाळतात.

नवं काडतूस बहुतेक वेळा जुन्यातूनच जन्मतं. अमेरिकी लष्कराने १९०६ मध्ये .३०-०६ स्प्रिंगफील्ड स्वीकारलं. केसची लांबी सुमारे ६३ मिलिमीटर, खांद्याचा कोन साडेसतरा अंश. या एका केसची पिल्लं मोजायला बसलं तर दमायला होतं. मान दाबून साडेसहा मिलिमीटरच्या गोळीला बसवली की .२५-०६ होतं. मान रुंदावून नऊ मिलिमीटरची गोळी घातली की .३५ व्हेलन. यांतली कितीतरी कोणत्याही कंपनीने बनवली नव्हती. गावोगावच्या बंदूक बनवणाऱ्या कारागिरांनी आपल्या लेथवर रीमर घडवला आणि गिऱ्हाइकाला रायफल करून दिली. अशा घरगुती काडतुसांना तिकडे वाइल्डकॅट म्हणतात. .२५-०६ जवळजवळ अर्धशतक असंच वर्कशॉपमध्ये वाढलं. १९६९ मध्ये रेमिंग्टनने ते आपल्या नावाने कारखान्यातून बाजारात आणलं. .२२-२५० चंही तसंच झालं, १९६५ मध्ये. ज्यांनी वर्षानुवर्षं ते घडवलं त्यांना यासाठी कुणी रॉयल्टी देणं लागत नव्हतं, कारण मागायला हक्कच नव्हता.

मला यात अन्याय दिसत नाही, फक्त श्रेय नीट लिहिलं गेलं पाहिजे असं मनापासून वाटतं. मान दाबणं, खांदा चाळीस अंशांवर नेणं, केस आखूड करणं या युक्त्या शंभर वर्षांपासून सगळ्यांना ठाऊक आहेत. भोसरीत कुणीही एम-८ बोल्ट बनवू शकतो, त्याच्या आट्यांच्या मापावर कुणाची मालकी नाही. म्हणून तर कुठलाही बोल्ट कुठल्याही नटात बसतो. काडतुसाच्या मापाचं तेच आहे.

आता हे कायद्याच्या भाषेत बघू. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात तीन गोष्टी लागतात. वस्तू नवी हवी, उद्योगात वापरता येणारी हवी आणि त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचणारी नसावी. बहुतेक काडतुसं या तिसऱ्या अटीला अडकतात. परीक्षक दोन-चार जुनी ड्रॉइंग समोर ठेवतो आणि विचारतो, यात वेगळं काय? ‘माझी गोळी जास्त नेमकी लागते’ हे उत्तर पुरत नाही. ती का लागते, त्यामागचं तांत्रिक कारण काय आणि जाणकाराने ते का अपेक्षिलं नसतं, हे आकड्यांनिशी दाखवावं लागतं.

तरीही कधी कधी पेटंट मिळतं, आणि त्यातून पैसाही मिळतो. अमेरिकेतले शस्त्रविषयक लेखक रिक जेमिसन यांनी बुटक्या, जाड केसच्या विशिष्ट प्रमाणांवर पेटंटं मिळवली. २००१ च्या सुमारास विंचेस्टरची शॉर्ट मॅग्नम काडतुसं बाजारात आली तेव्हा ते कोर्टात गेले. प्रकरण पुढे तडजोडीने मिटलं. एकटा माणूस मोठ्या कंपनीला टेबलापाशी आणू शकला, कारण त्याने अर्ज वेळेवर केला होता आणि दाव्याचे शब्द नीट लिहिले होते.

त्याहून जुनं उदाहरण .३०-०६ च्याच टोकदार गोळीचं. जर्मनीच्या डीडब्ल्यूएम कंपनीने आपल्या पेटंटच्या आधारे अमेरिकी सरकारविरुद्ध दावा लावला. मधे पहिलं महायुद्ध आलं, अमेरिकेने ते पेटंट शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केलं. तरी युद्धानंतर लवादाने जर्मन कंपनीच्या बाजूने कौल दिला, आणि अपील वगैरे होऊन १९२८ च्या अखेरीला अमेरिकेला व्याजासह चार लाख डॉलरहून जास्त रक्कम मोजावी लागली. लक्षात घ्या, भांडण गोळीच्या आकारावर होतं, केसच्या मापावर नव्हतं.

रोलिन व्हाइटची गोष्ट मी करार करायला आलेल्या प्रत्येकाला सांगतो. १८५५ मध्ये त्याला रिव्हॉल्व्हरच्या आरपार भोकं असलेल्या सिलिंडरचं पेटंट मिळालं. धातूचं काडतूस मागून भरायचं तर या रचनेशिवाय गत्यंतर नव्हतं. स्मिथ अँड वेसनने दर रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट कबूल केले. पण करारात एक कलम होतं: नक्कल करणाऱ्यांवर खटले भरायचे ते व्हाइटने, स्वतःच्या खर्चाने. नक्कल करणारे पुष्कळ निघाले. मिळालेली रॉयल्टी वकिलांकडे गेली. १८६९ मध्ये, म्हणजे इकडे खडकीचा कारखाना उभा राहिला त्याच वर्षी, पेटंटची मुदत संपली. त्याने दाद मागितली, अमेरिकी काँग्रेसने त्याच्यासाठी विधेयकही केलं, आणि १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ते नामंजूर करून परत पाठवलं. पेटंट चांगलं होतं, शोध खरा होता, माणूस एका कलमाने बुडाला. परवाना देताना ‘नकलेविरुद्ध कारवाई कोण करणार आणि खर्च कोणाचा’ ही ओळ आधी वाचा, टक्केवारी नंतर.

आजच्या घडीला पेटंटला जागा आहे ती केसच्या बांधणीत आणि ती बनवण्याच्या प्रक्रियेत. सिग कंपनीच्या .२७७ फ्युरीची केस निव्वळ पितळेची नाही. बूड स्टीलचं, धड पितळेचं आणि दोन्ही जोडणारा एक तुकडा, म्हणून ती ८०,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब झेलते. अशी रचना, नवा मिश्रधातू, प्लास्टिकच्या केसला धातूचं बूड जोडायची पद्धत, मान मऊ ठेवून बूड कडक ठेवायची नवी तापप्रक्रिया, या गोष्टी तपासायला लायक आहेत. पुण्याच्या यंत्रकामगारांचं खरं बळही तिथेच आहे. खांद्याच्या कोनापायी त्यांनी पैसे घालवू नयेत.

डिझाइन नोंदणीचं थोडक्यात. २००० च्या डिझाइन कायद्यात डोळ्याला दिसणाऱ्या रूपाला संरक्षण आहे, दहा वर्षं आणि वाढवून पंधरा. पण ज्याचा आकार निव्वळ यांत्रिक कामासाठी ठरला, त्याला नाही. काडतूस पूर्णपणे त्यातच बसतं. खोक्याच्या सजावटीला मात्र मिळू शकतं. कॉपीराइट तुमच्या ड्रॉइंगच्या कागदाला आहे, त्यावरच्या मापांना नाही. तुमचा कागद जशाच्या तसा छापणं चूक. तुमचं काडतूस कॅलिपरने मोजून स्वतःचं ड्रॉइंग काढण्यावर कॉपीराइटचा आक्षेप घेणं फार कठीण.

नावाचं प्रकरण

नावाचा हक्क हा पेटंटपेक्षा वेगळा प्राणी. पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांत संपतं. ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत राहिलं तर संपतच नाही. त्यामुळे ज्यांना आकार राखता येत नाही ते नावाकडे वळतात.

.३०० व्हिस्पर हे काडतूस अमेरिकेतल्या जे. डी. जोन्स यांचं. .२२१ फायरबॉलच्या छोट्या केसची मान रुंदावून त्यात .३० कॅलिबरची जड, संथ गोळी बसवायची, म्हणजे सायलेन्सरमधून आवाज कमी. ‘व्हिस्पर’ हे नाव त्यांच्या एसएसके इंडस्ट्रीजने ट्रेडमार्क करून ठेवलं. पुढे अॅडव्हान्स्ड आर्मामेंट कॉर्पोरेशनला जवळजवळ तसंच काडतूस हवं होतं. त्यांनी स्वतःची मापं निश्चित केली, .३०० एएसी ब्लॅकआउट असं नाव दिलं आणि २०११ मध्ये सामीकडून ते प्रमाणित करून घेतलं. सामी म्हणजे १९२६ पासून काडतुसांची मापं आणि दाब ठरवणारी अमेरिकी उत्पादकांची संस्था. युरोपात हेच काम १९१४ मध्ये लीज शहरात सुरू झालेली सीआयपी करते. ब्लॅकआउटची मापं खुली असल्याने हवं त्याने रायफल केली, हवं त्याने काडतूस केलं, आणि ते सगळीकडे पोहोचलं. व्हिस्पर जाणकारांपुरतं उरलं. जोन्स यांचा हक्क कुणी हिरावला नव्हता. तो अबाधित असताना बाजार त्याला वळसा घालून गेला.

दुसरं उदाहरण ६.५ ग्रेंडेलचं. बिल अलेक्झांडर यांच्या अलेक्झांडर आर्म्सने ते २००३ मध्ये आणलं आणि नाव आपल्याकडे राखलं. मग लेस बेअर या रायफल बनवणाऱ्याने त्याच वळणाचं चेंबर .२६४ एलबीसी-एआर या नावाने विकायला सुरुवात केली. जवळपास एकाच काडतुसाला दोन नावं, आणि दोन्हींच्या चेंबरमध्ये बारीक फरक. दुकानात उभा असलेला माणूस विचारतो, हे त्यात चालेल का? खात्रीने सांगणारं कुणी नाही. सामीच्या प्रमाणित यादीत जायचं तर नाव सगळ्यांना वापरता यायला हवं. शेवटी अलेक्झांडर यांनी नावावरचा हक्क सोडला आणि ग्रेंडेल प्रमाणित झालं. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. आपल्या हाताने घडवलेल्या वस्तूचं नाव सोडून देणं सोपं नसतं.

आणि इथे नाव म्हणजे नुसती जाहिरात नसते, जिवाचा प्रश्न असतो. .३०० ब्लॅकआउट आणि .२२३ ही दोन्ही एकाच बुडाची काडतुसं, एकाच मॅगझिनमध्ये बसणारी. काही वेळा ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये शिरतं. मग पावणेआठ मिलिमीटरची गोळी साडेपाच-पावणेसहा मिलिमीटरच्या नळीत ढकलली जाते, आणि रायफल फुटते. असे अपघात झालेले आहेत. नळीवर आणि केसच्या बुडावर कोरलेलं नाव हाच तिथे बचाव. म्हणून ट्रेडमार्कच्या भीतीने एकाच काडतुसाला चार नावं पाडणं मला धोक्याचं वाटतं.

याच्या अगदी उलट वाट ६.५ क्रीडमूरची. हॉर्नडीने २००७ मध्ये ते आणलं, सामीकडे ड्रॉइंग दिलं आणि सगळ्यांना मोकळं ठेवलं. आज लांब पल्ल्याच्या नेमबाजीत ते जगभर आहे, कितीतरी कंपन्या बनवतात, आणि हॉर्नडी आपला माल विकून कमावते.

आता समजा भोसरीतल्या कुणी एक काडतूस रचलं आणि त्याला ‘६.५ तोरणा’ म्हणायचं ठरवलं. यातल्या ‘६.५’ वर हक्क नाही, ते माप आहे. ‘मॅग्नम’ जोडलं तर त्यावरही नाही, तो धंद्यातला सर्रास शब्द. ‘खडकी’ म्हटलं तर नोंदणी कार्यालय हटकणार, कारण दारूगोळ्याच्या बाबतीत तो शब्द मालाचं ठिकाण सांगतो. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव द्यायची इच्छा आपल्याकडे हमखास होते, पण १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याच्या यादीत ते आहे आणि धंद्यासाठी ते केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. ‘तोरणा’ मात्र चालू शकेल, कारण काडतुसाशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. अर्ज वर्ग १३ मध्ये करायचा, शस्त्रं आणि दारूगोळा त्यात येतात. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क ४,५०० रुपये.

पण अडचण पुढे आहे. तोरणा लोकप्रिय झालं आणि त्या काडतुसाला दुसरं काही नावच नसेल, तर रायफलवाला, केसला आकार देणारी डाय बनवणारा, गेजवाला सगळे ‘तोरणा’च म्हणणार. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३० मध्ये, आपली डाय कोणत्या काडतुसासाठी आहे हे प्रामाणिकपणे सांगण्यापुरता तो शब्द वापरायची त्यांना मुभा आहे. आणि धंद्यात तो शब्द त्या वस्तूचंच नाव होऊन बसला, तर कलम ३६ खाली तुमचा हक्क धोक्यात येतो. उपाय सोपा आहे आणि पहिल्या दिवशीच करायचा आहे: दोन नावं ठेवा. एक मापाचं, उदाहरणार्थ ६.५ × ४५ मिमी, ते सगळ्यांसाठी मोकळं. दुसरं तुमच्या मालाचं, ‘तोरणा’, ते फक्त तुमच्या खोक्यावर. ड्रॉइंगवर, नळीवर, गेजवर मापाचं नाव कोरायचं. ‘तोरणा’ हे नाव फक्त मालाचा दर्जा सांगेल.

बालेवाडीच्या रेंजवर हे रोज दिसतं. ५० मीटर रायफलला, ज्यात स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं, .२२ लाँग रायफल लागतं. हे काडतूस १८८७ चं. त्याच्या मापावर कुणाचाही हक्क नाही. पण एलीचं टेनेक्स, लापुआचं सेंटर-एक्स, आरडब्ल्यूएसचं आर-५० ही नावं त्या त्या कंपन्यांची, आणि नेमबाज त्या नावांसाठी जास्त पैसे मोजतात. एवढंच नाही, एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो, म्हणून नळी जखडून लॉट तपासतात आणि जमला तो लॉट जमेल तितका घेऊन ठेवतात. माप तेच, मग फरक कशात? दारूचं प्रमाण, टोपीतलं मिश्रण, गोळीवरचं मेण, यंत्राची देखभाल, तपासणीची शिस्त. हे कुणी पेटंटमध्ये लिहून जगाला दाखवत नाही. ते व्यापारी गुपित आहे.

भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. करार आणि विश्वासभंगाबद्दलची न्यायालयीन तत्त्वं यांच्यावरच ते उभं आहे. त्यामुळे रीमर बनवायला ड्रॉइंग देण्याआधी गोपनीयतेचा करार सही करून घ्या. रीमरची मालकी कोणाची, तो दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी वापरायचा की नाही, काम संपल्यावर परत द्यायचा की नाही, हे त्यातच लिहा. वाइल्डकॅट करणारे कित्येक जण आपलं काडतूस या एकाच दोरीने धरून ठेवतात: रीमर त्यांच्याकडे, बाकी कुणाकडे नाही.

अर्जाआधीची दोन दारं

पेटंटचा विचार असेल तर अर्ज होईपर्यंत तोंड बंद. आपला कायदा याबाबतीत कडक आहे. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारखे मोजके अपवाद सोडले तर आधी दाखवलेली वस्तू नवी राहत नाही. नेमबाजांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला केसचा फोटोही पुरतो. निदान तात्पुरतं विनिर्देशपत्र (प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन), म्हणजे शोधाचं प्राथमिक वर्णन, तरी आधी दाखल करा. महाराष्ट्रासाठी कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, काम ऑनलाइन होतं.

दारूगोळ्याच्या शोधाला आणखी एक अट आहे. भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज न करता किंवा परवानगी न घेता परदेशात अर्ज करायचा नाही, असं कलम ३९ सांगतं. इथे अर्ज केल्यावरही सहा आठवडे थांबायचं. शोध संरक्षणाशी निगडित असेल तर परवानगीला केंद्र सरकारची संमती लागते, आणि कलम ३५ खाली तो गुप्त ठेवण्याचा आदेशही निघू शकतो. हा नियम मोडला तर इथला अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात, शिवाय शिक्षेची तरतूद आहे. अमेरिकेतल्या ओळखीच्या वकिलाला घाईने ड्रॉइंग पाठवून तिथे अर्ज करायला सांगणं, ही त्यामुळे फार महागात पडणारी गोष्ट.

आणि पेटंट किंवा ट्रेडमार्क मिळाला म्हणजे काडतूस बनवायची परवानगी मिळाली, असं अजिबात नाही. पेटंट दुसऱ्याला अडवायचा हक्क देतं. बनवायचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली वेगळा घ्यावा लागतो, आणि त्याविना बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची कैद आहे. म्हणून बहुतेकांनी ड्रॉइंगवरच थांबावं आणि नमुना परवानाधारक उत्पादकाकडून करून घ्यावा. त्या उत्पादकाशी होणाऱ्या करारात एक कलम जरूर घाला. चाचण्या करताना त्यांच्या माणसांनी ज्या सुधारणा सुचवल्या, त्या कोणाच्या? दाब मोजण्याची यंत्रणा त्यांच्याकडे असते, त्यामुळे निम्म्या सुधारणा त्यांच्याच टेबलावर होतात. हे आधी लिहिलेलं नसेल तर तुमच्या ड्रॉइंगची शेवटची, चालणारी आवृत्ती कायद्याने त्यांची ठरू शकते.